रिकिबीतलं पायताण

घोड्यावर बसायचं वेड मूळचं माझं. हे आधीच सांगून टाकतो, कारण शिवाजी पेठेत आज कुणालाही विचारलं तर तो माझ्या बायकोचंच नाव घेईल आणि वर मलाच ऐकवेल, "वहिनी म्हणजे नाद खुळा!" लहानपणी जोतिबाला गेलो की माझं लक्ष देवापेक्षा पालखीबरोबरच्या घोड्याकडं असायचं. वडील मला गर्दीतून हाताला धरून ओढायचे आणि मी मान मागं वळवून घोड्याकडं बघत राहायचो. पुढं शाळा झाली, शाहूपुरीत पंपांच्या मोटारींचं दुकान झालं, लग्न झालं, पोरं झाली. घोडा तेवढा राहून गेला. चाळिशी उलटल्यावर कळलं की गावाबाहेर एका माळावर घोडेस्वारीचा क्लास चालतो, आणि मी लगेच जाऊन नाव घातलं.

पहिल्या रविवारी बायको बरोबर आली ती नुसती बघायला. डब्यात पोहे घेऊन लिंबाच्या झाडाखाली बसली. क्लास घेणारे मास्तर फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी मला एका घोडीवर बसवून गोल गोल फिरवलं, घाम काढला आणि शेवटी तिला म्हणाले, "ताई, आलाय तर बसून बघा की." ती ओढणी कमरेला खोचून चढली. मघाशी माझ्याखाली पाय ओढत चालणारी तीच घोडी कान टवकारून डौलात चालायला लागली. मास्तर मला म्हणाले, "ह्याला बैठक म्हणत्यात. ही शिकवून येत न्हाय." मी हसलो, पण पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

हेवा हा शब्द पुस्तकात बरा दिसतो. आमच्याकडं त्याला सरळ जळणं म्हणतात, आणि मी जळत होतो. परक्या माणसावर जळणं सोपं असतं. घरी यावं, दार लावून घ्यावं, विषय संपला. इथं ज्या माणसावर जळायचं तेच माणूस घरी ताटात भाकरी वाढत होतं आणि म्हणत होतं, "आज तुमचं पण जरा बरं झालं हं." त्या 'पण'नं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्यातच मी पडलो. खोगीर जागेवर राहतं ते पोटाखालून आवळलेल्या पट्ट्यावर, त्याला तंग म्हणतात. घोडी हुशार असते. तंग आवळताना ती पोट फुगवून उभी राहते, आणि आपण वर बसलो की निवांत श्वास सोडते. मग तंग ढिला पडतो. म्हणून तंग बांधला की तिला थोडं चालवायचं आणि परत आवळायचा, एवढं मास्तरांनी सांगितलेलं होतं. मी बायको बघतेय म्हणून घाईनं चढलो, वळणावर खोगीर फिरलं आणि मी खोगिरासकट घोडीच्या पोटाखाली गेलो. सगळा क्लास हसला. सगळ्यात मोठ्यानं माझी बायको हसली. नंतर धावत आली हे खरं, पण आधी हसली.

त्या दिवसापासून मी तंग आणि रिकीब या विषयातला पंडित झालो. पट्टा आणि पोट यांच्यामध्ये दोन बोटं जातील एवढंच अंतर ठेवायचं. रिकिबीत, म्हणजे खोगिराला लोंबणाऱ्या लोखंडी कडीत, पायाचा नुसता चवडा ठेवायचा, टाच खाली दाबायची. बुटाला टाच हवीच, म्हणजे पाय रिकिबीतून पुढं घुसत नाही. मास्तर सांगायचे, "पडला तर माती लागंल, झटकून उठता येतंय. पण पाय अडकला तर घोडं फरफटत न्हेतंय." मी हे सगळं पाठ केलं आणि येता-जाता बायकोला ऐकवायला लागलो. बैठक माझी नव्हती, निदान नियम तरी माझे असावेत असं मला वाटत होतं.

शिवजयंती जवळ आली. आमच्या तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या मंडळाच्या, मिरवणुकीत पुढं घोडे असतात. एका संध्याकाळी तालमीचे दोन कार्यकर्ते घरी आले. ते का आलेत ते मी ओळखलं. मी आतून बाकरवडी मागवली, चहा ठेवायला सांगितला आणि फेटा कुठल्या रंगाचा घ्यावा यावर मनातल्या मनात विचारही करून टाकला. चहा संपला तसा त्यातला एक म्हणाला, "दादा, यंदा घोड्यावर समद्या बायकाच घ्यायच्या ठरल्यात. वहिनींना पुढं ठेवायचं हाय. तुमची हरकत न्हाय न्हवं?"

मी म्हणालो, "माझी कसली हरकत?" बाकरवडीची ताटली मात्र मी माझ्याकडं ओढून घेतली.

मिरवणुकीच्या आदल्या आठवड्यात ती नवीन चप्पल घेऊन आली. आमच्या गावात चपलेला पायताण म्हणतात आणि पायताणाचा आम्हाला भारी अभिमान. नऊवारी, फेटा, नथ आणि पायात कोल्हापुरी, असं सगळ्या बायकांचं ठरलेलं. हिनं तर खास बनवून घेतलेली, दोन्ही बाजूंना रुंद कातडी कान असलेली, चालताना करकर वाजणारी. मी ती हातात घेऊन उलटी करून बघितली. तळ सपाट, गुळगुळीत, टाच नावालाही नाही. पाय रिकिबीतून सरळ पुढं घुसणार, आणि एकदा ते कान लोखंडाच्या पलीकडं गेले की परत येताना अडकणार.

"बूट घाल," मी म्हणालो.

"नऊवारीवर बूट? येड लागलंय काय? कोल्हापुरात कोल्हापुरी घालायची न्हाय, तर कुठं घालायची?"

"अगं, पाय अडकंल."

तिनं चप्पल माझ्या हातातून काढून घेतली. "एक सांगा. तुम्हाला बोलावलं असतं तर तुम्ही बूट घातलं असतासा?"

घातले नसते. माझं ठेवणीतलं पायताण मी त्या चहाच्या संध्याकाळच्या आधीच तेल लावून ठेवलं होतं.

"बघवत न्हाय तुम्हाला माझं," ती म्हणाली. "सरळ म्हणा की."

मी तालमीत जाऊन सांगून बघितलं. तिथं तर हशा पिकला. "दादा, जळालायसा व्हय?" एकजण म्हणाला आणि दुसऱ्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. मी चिडून घरी आलो. चिडलो कारण ते खोटं बोलत नव्हते. मी जळत होतो आणि मी बरोबरही होतो, आणि जळणारा माणूस बरोबर असला तरी त्याचं ऐकायला कुणाला वेळ नसतो. मलाच नीट कळत नव्हतं की माझ्या बोलण्यात काळजी किती आणि जळफळाट किती.

मिरवणुकीच्या दिवशी भाड्याचे घोडे आले. लग्नाच्या वरातीतले, नाचायला शिकवलेले, अंगावर जरीच्या झुली. झुलीमुळे तंग दिसतच नव्हता. मी खाली हात घातला तर चांगली मूठ आत गेली. घोडेवाला ओरडला, "पावणं, माझी घोडी मला शिकवू नका!" मी त्याचं न ऐकता वाकून तंग आवळला आणि म्हणालो, "आता जरा चालवून आणा, परत आवळू." तेवढ्यात हलगी वाजायला लागली. कुणीतरी बायकोला हात देऊन वर चढवलं आणि मिरवणूक निघाली.

मी तिच्या घोडीच्या बाजूनं चालायला लागलो. मला कुणी सांगितलं नव्हतं, मीच लागलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं, गॅलऱ्या भरलेल्या, सगळ्यांचे मोबाईल वर. भगव्या फेट्यात ती सुंदर दिसत होती, फार सुंदर दिसत होती, आणि ताठ बसली होती. एकजण मला घोड्याची राखण करणारा मोतद्दार समजून म्हणाला, "ओ मामा, जरा बाजूला व्हा, फोटोत येतायसा." सगळं गाव तिच्या तोंडाकडं बघत होतं. मला तिच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. म्हणून मी मान खाली घालून तिच्या पायाकडं बघत चाललो होतो.

त्यामुळंच मला दिसलं. चवड्यावर असलेला पाय हळूहळू पुढं सरकत होता. घोडी नाचली की थोडा, हलगीचा ताल वाढला की आणखी थोडा. बघता बघता रिकीब टाचेपर्यंत आली आणि पायताणाचे दोन्ही कान लोखंडाच्या पलीकडं गेले. मी ओरडलो. हलगीत माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. ती समोर बघून हसत होती.

मी तिचा पाय धरला. तिनं दचकून खाली बघितलं. "काय करालायसा? सोडा की, लोक बघाल्यात!" मी कातडी कान दाबून धरले आणि पाय मागं ओढला. पाय सुटला, पायताण माझ्या हातात आलं. मग घोडीला वळसा घालून पलीकडच्या पायाचंही काढलं. भर रस्त्यात, पेठेच्या तोंडावर, नवऱ्यानं बायकोचं पायताण काढून हातात घेतलं. शिट्ट्या पडल्या. गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "दादा, आता डोस्क्यावर घ्या!" बायकोचा चेहरा रागानं लाल झाला होता. घरी गेल्यावर माझं काय होणार ते मला तिच्या डोळ्यांत दिसलं.

आम्ही चौकात पोचलो आणि कागदाचे तुकडे उडवणारी तोफ वाजली. घोडी बाजूला उडाली. आवळलेला तंग वाटेत ढिला झाला होताच. खोगीर बायकोसकट माझ्या बाजूला कलंडलं. तिचे अनवाणी पाय रिकिबीतून अलगद निघाले आणि ती माझ्या अंगावर आली. आम्ही दोघं डांबरावर आपटलो. घोडी तशीच पुढं पळाली. खोगीर तिच्या पोटाखाली लोंबत होतं आणि एक रिकीब रस्त्यावर आपटत, खणखणत, ओढली जात होती. हलगी थांबली होती. घोडेवाल्यानं लगाम पकडेपर्यंत तो एकच आवाज येत होता. आम्ही दोघं रस्त्यावर बसून त्या रिकिबीकडं बघत होतो. माझ्या एका हातात अजून पायताणं होती, आणि दुसरा हात तिनं इतका घट्ट धरला होता की बोटं दुखायला लागली.

घोडी परत आणली. सगळे म्हणाले, वहिनी, आता गाडीत बसा. ती उठली, नऊवारी झटकली आणि घोडेवाल्याकडं न बघता मला म्हणाली, "तंग आवळा." मी आवळला. घोडीला गर्दीतून चालवत नेलं, परत आणलं, पुन्हा आवळला, दोन बोटं घालून बघितली. ती अनवाणी चढली, चवडे रिकिबीत ठेवले, टाचा खाली दाबल्या. चौकात एवढ्या टाळ्या आणि शिट्ट्या झाल्या की हलगीवाल्यांनाही परत वाजवायला थांबावं लागलं. आणि खरं सांगतो, त्या टाळ्या ऐकून मी परत जळलो.

घरी आल्यावर ती कोपराला हळद लावत बसली होती. मी पायताणं दाराशी ठेवली. तिनं एकदा त्यांच्याकडं बघितलं. मग म्हणाली, "खरं सांगायचं हं. समदी तोंडाकडं बघालती, आणि तुम्ही तेवढं पायाकडं. काळजीनं बघालतासा, का जळून?"

खोटं बोलायची चांगली संधी होती. पण ती माझ्याकडं बघत होती.

"जळून," मी म्हणालो.

तिनं हळदीची वाटी माझ्यापुढं सरकवली आणि खरचटलेला दुसरा कोपर पुढं केला.

"मग मी घोड्यावर हाय तवर," ती म्हणाली, "आसंच जळत ऱ्हावा."