आमचा जेवणाचा दगड

मंडळी, आज आमचा गारखेड्याचा चालणारा गट पुन्हा वेरूळजवळच्या रानात गेला होता. इथं जुनी लढाई झाली होती. ती मीच सगळ्यांना सांगतो, एका लांब सपाट दगडावर बसून, भाकरी खात. हे असं चालू होऊन चार वर्षं झाली.

आज शेळ्या राखणाऱ्या एक मावशी जवळ आल्या.

"दादा, लढाई लई भारी सांगता. पण बसता कुणावर, म्हाईत हाय का? माझे सासरे याला शेंदूर लावायचे. आता पालथा पडलाय."

आम्ही सहा जणांनी जोर लावून दगड उलटवला. खालच्या बाजूला तलवार उपसलेला वीर कोरलेला! वीरगळ होता तो, लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड.

धुऊन तिथंच उभा केला. मग मातीत बसून जेवलो. या वेळी त्या वीराची गोष्ट मावशींनी सांगितली, मी ऐकली.

तुम्ही रोज बसता तो दगड कुणाचा, विचारलंय कधी?