शेवटच्या नंबराचं पोर

आमचे आबा, म्हणजे मांजरी गावचे सर्जेराव, कुणाचाही ऊस बघायला गेले की आधी बांधाकडचा बघतात. मधला कुणाचाही पोसतो, म्हणतात. पाणी कडेपर्यंत पोचतं का ते बघावं.

माझ्या धाकट्या बहिणीची, मैनाची शाळा बदलायची ठरली तेव्हाही त्यांनी तेच केलं. मैना तिसरीत. बाकीची पोरं पान संपवायची तोवर हिची एक ओळ व्हायची. बाईंनी तिला वाचायला उठवणंच सोडून दिलं, आणि ती घरीही गप्प झाली. मी त्या बाईंची नक्कल केली, अगदी चष्मा पुसण्यासकट. तरी हसली नाही.

मग मी आणि आबा मैनाला घेऊन शाळा बघत फिरलो. पहिल्या शाळेत मोठ्या बाईंनी नव्वद टक्केवाल्यांचे फोटो दाखवले, पोहायचा तलाव दाखवला. आबा म्हणाले, “ब्येस हाय. आता शेवटच्या नंबराचं पोर दाखवा.”

“आमच्याकडे शेवटचं कुणी नसतं,” बाई म्हणाल्या.

दुसरीकडे साहेबांनी आधी आबांचंच शिक्षण विचारलं. आबा म्हणाले, “सातवी. पर परवेश मला नकोय.”

तिसरी शाळा हडपसरात, एका बंगल्यात. मोठ्या बाईंचं नाव हेमा. आबांनी तिथंही तेच मागितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

“अहो, मुलं दाखवायला ठेवलेली नाहीत मी. उद्या तुमच्या मैनाला असं कुणापुढे उभं केलं तर चालेल?”

आबांची मान खाली गेली. “चुकलं माजं,” म्हणाले.

“हिला तासभर वर्गात बसू दे. तुम्ही बाहेर थांबा.”

आम्ही व्हरांड्यात, खिडकीखाली बसलो. थोड्या वेळानं मैनाचा आवाज आला. वाचत होती. ‘सुतार’पाशी अडकली. वर्गात कुणी हसलं नाही, कुणी पुढचं सांगितलंही नाही. मला राहवेना, मी तोंड उघडलं, तर आबांनी त्यावर हात दाबला. त्या हाताला उसाचा वास होता.

“...सुतारपक्षी,” मैना म्हणाली, आणि पुढं निघाली.

तास संपल्यावर ती बाहेर आली. आबांनी काही विचारायच्या आत म्हणाली, “आबा, अर्धा धडा राहिलाय. उद्या लवकर निघायचं हां.”