जाईकाकीच्या टीव्हीची झिणझिणी

कडेगावात वीस वर्सं वायरमनकी करतोय, पण जाईकाकीएवढं माझं डोकं कुणीच खाल्लं न्हाई.

म्हातारी एकटी. नवरा, आण्णा, जाऊन चार वर्सं झाली. पोरगी लांब बेळगावला. सोबतीला लोखंडी स्टँडवरचा जुना टीव्ही. त्याच्या प्लगची तिसरी पिन आण्णांनी करवतीनं कापलेली, का तर बोर्डाला भोकं दोनच! त्यामुळं स्टँडला हात लावला की झिणझिण्या यायच्या.

आता शहाणं माणूस वायरमनला बोलवंल. काकीनं दुखरा गुडघा लावला! आणि गुडघा मोकळा झाला म्हणं.

झालं! दुपारी चारला बायकांची रीघ. चपला दारात काढायच्या, अनवाणी आत यायचं, कुणी खांदा लावायचं, कुणी टाच. "डाव्या कोपऱ्याला जरा जास्ती हाय," काकी डॉक्टरणीच्या तोऱ्यात सांगायची. मग चहा. चार वर्सांनी त्या घरात हसणं ऐकू यायला लागलं.

"आवं काकी, करंट हाय तो, औषध न्हाई! कुणीतरी मरंल एक दिवस!"

"गप रं मुडद्या. तुझ्या बायकोची कंबर कुणी बरी केली?"

म्हणजे आमची बी जात हुती! कपाळ माझं.

मग एक दिवस शालूबाई उसाला पाणी पाजून तशीच वल्ल्या पायांनी आली, स्टँडला टेकली आणि उडून भिंतीवर आदळली. नशीब, वाचली. मी त्याच दिवशी नवा बोर्ड, नवा प्लग, अर्थिंग, सगळं करून टाकलं. स्टँडला टेस्टर लावून बघितला, दिवा लागला न्हाई.

काकी उंबऱ्यावर बसून रडायला लागली. "आता कोण येणार रं माझ्याकडं?"

मला लय वंगाळ वाटलं. पण केलेलं काम उचकटलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी चारला मुद्दाम गेलो. दारात चपलांचा ढीग! आत शालूबाई, कोपर खरचटलेली, गुडघा स्टँडला लावून डोळं मिटून बसलेली.

"अगं बाई, आज लय जोरात हाय गं!"

"व्हय की," बाकीच्या म्हणाल्या. त्यात माझी बायको बी.

काकी माझ्याकडं बघत हुती. "सिद्ध्या, तुझं काम कच्चं हाय बघ."

समद्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी पुढं झालो, स्टँडला बोट लावलं. गार लोखंड, दुसरं काय न्हाई.

"आई गं!" म्हणून मी हात झटकला.

काकी उठली आणि तिनं चहाला आणखी एक कप पाणी वाढवलं.