सूपसुद्धा पिशवीतून

लेरॉय ह्रुस्का एकोणीस वर्षं शिकागोच्या वायव्य भागातल्या हॉटेलांना माल पोचवत होता. मोठ्या साखळीतली हॉटेलं असोत की कोपऱ्यावरचं एकुलतं एक कॅफे, मागच्या दाराशी ट्रक याचाच थांबायचा आणि खोकीही बरीचशी तीच उतरायची. त्यामुळे "आम्ही नाही बाई त्या साखळीवाल्यांकडे खात" असं कुणी म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. पण तो गप्प बसायचा. गिऱ्हाइकाच्या मागच्या दारी जे दिसतं ते पुढच्या दारी बोलायचं नाही, असं कंपनीने त्याच्याकडून लिहूनच घेतलं होतं.

त्याच्या घरी त्याचा मोठा भाऊ क्लेम राहायचा. क्लेम एकसष्ट वर्षांचा होता. आई होती तोवर तिने त्याला सांभाळलं, ती गेल्यावर लेरॉयने घरी आणलं. क्लेमला रोजच्यापेक्षा वेगळं काही चालायचं नाही. दर गुरुवारी दोघं भाऊ बसने पाऊण तास जाऊन पॅनकेकच्या एका साखळी हॉटेलात बसत. तिथे मेनूवर फोटो होते. फोटोत तीन पॅनकेक असले की ताटात तीनच येत, अंडं वेगळ्या बशीत येई, आणि वेट्रेस बदलली तरी सरबराई तीच राही. क्लेम शांतपणे जेवायचा. आठवड्यातला तेवढा एक तास लेरॉयला पेपर वाचायला मिळायचा.

घराजवळ चार मिनिटांवर 'कॉर्नर केटल' नावाचं कॅफे होतं. मालक कॉर्विन टेट. दारावर त्याने पाटी लावली होती: "इथे काहीही खोक्यातून येत नाही." आठवड्यातून तीनदा तिथे खोकी उतरवणाऱ्या लेरॉयला ती पाटी वाचावी लागायची. तरी एका हिवाळ्यात बस बंद होती म्हणून तो क्लेमला तिथे घेऊन गेला. तिथे प्रत्येक ताट वेगळ्या रंगाचं, मेनू रोज नवा, तोही खडूने लिहिलेला. क्लेम बावरला आणि चमच्याने टेबल वाजवायला लागला. "तीन पॅनकेक. तीन," असं त्याचं चालू झालं.

कॉर्विन हसत हसत जवळ आला. "तुम्ही पार्सल नेलंत तर सगळ्यांनाच बरं पडेल, नाही का?" तो हळू आवाजात म्हणाला.

लेरॉयने भावाला कोट घातला आणि बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच माणसाच्या मागच्या दारी त्याने गोठवलेल्या दालचिनी रोलची चार खोकी उतरवली.

त्या मागच्या दारी त्याच्याशी नीट वागणारं माणूस एकच होतं, ओफेलिया सांदोवाल. ती स्वयंपाकीण होती. बाकी काही असो, सूप मात्र ती स्वतः करायची. हाडं भाजून, कांदे परतून, पाच-पाच तास आचेवर ठेवून. थंडीत लेरॉय आला की पेला भरून त्याच्या हातात द्यायची. "पी आधी. खोकी कुठे पळून चाललीत?" म्हणायची. सात वर्षं तो ते सूप पीत आला होता.

मग एका वसंतात बातमी आली की बंद पडलेल्या बँकेच्या इमारतीत ते पॅनकेकवालं हॉटेल शाखा काढतंय. लेरॉयच्या घरापासून तीन गल्ल्यांवर. क्लेम चालत जाऊ शकला असता. लेरॉयने रस्त्यावर कुठे वळायचं तेही त्याला दाखवून ठेवलं.

कॉर्विनने विरोधात सह्या गोळा केल्या आणि चर्चच्या तळघरात सभा भरवली. सत्तर-ऐंशी माणसं जमली. लेरॉय कामाच्या जॅकेटमध्येच मागे उभा राहिला.

"आपल्याला या वस्तीत तसलं गिऱ्हाईक हवंय का, एवढाच प्रश्न आहे," कॉर्विन म्हणाला. "ट्रेमध्ये गरम काही ठेवलं की खाणारी माणसं असतात. त्यांची चूक नाही, त्यांना अन्न म्हणजे काय ते कधी कळलेलंच नसतं."

लोक हसले. लेरॉय पुढे गेला.

"तुझी ती अंडं-चीज भरलेली किश मंगळवारी येते," तो म्हणाला. "एका खोक्यात सहा. दालचिनी रोल शुक्रवारी. तुझ्या आजीची म्हणून विकतोस ती लसान्या इंडियानातल्या कारखान्यात होते. मी आणतो ती. पॅनकेकवाल्यांनाही मीच देतो. फरक एवढाच की ते आजीचं नाव घेत नाहीत."

कॉर्विनचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका बाईने विचारलं, "पण सूप? सूप तरी इथलंच असेल ना?"

लेरॉयने कॉर्विनकडे पाहिलं. त्याला आता तो माणूस पुरता आडवा झालेला हवा होता.

"सूपसुद्धा," तो म्हणाला. "पिशवीतून येतं."

भिंतीजवळच्या खुर्चीवर ओफेलिया बसली होती. ती आली असेल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. ती उभी राहिली. "सूप मी करते," ती म्हणाली. तिच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. सगळे कॉर्विनवर तुटून पडले होते.

पुढच्या आठवड्यात कंपनीने लेरॉयला त्या भागातून काढून दूरच्या फेरीवर टाकलं. कॅफे ओस पडत गेलं आणि जूनमध्ये कॉर्विनने ओफेलियाला घरी बसवलं. पॅनकेकवाल्यांनी भांडणाला कंटाळून दुसरीकडेच जागा घेतली. भाऊ पुन्हा बसने पाऊण तास जाऊ लागले.

लेरॉय ओफेलियाच्या घरी गेला. तिने साखळी न काढता दार फटीएवढं उघडलं.

"माझं चुकलं," तो म्हणाला.

"मला कशाला सांगताय? मला ठाऊकच आहे मी काय करत होते. जिथे बोललात तिथे जाऊन सांगा."

सात वर्षांत ती त्याला पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणत होती.

जुलैत त्याच तळघरात भरलेल्या वस्तीच्या सभेला तो गेला. अकरा माणसं होती आणि विषय पार्किंगचा होता. तो उभा राहिला. "कॉर्नर केटलचं सूप खरं होतं. ती बाई स्वतः करायची. मी खोटं बोललो."

"ठीक आहे, नोंद घेतली," अध्यक्ष म्हणाले. "बारा नंबरच्या गल्लीतल्या खांबांचं काय ठरलं?"

कॉर्विन दाराशी उभा होता. "आता सांगतोस होय?" तो म्हणाला. "तोंड वर करून आलास तरी कसा?" लेरॉयचा त्याच्यावरचा राग काही उतरला नव्हता. बाहेर पडताना त्याने त्याला मुद्दाम खांदा मारला.

सप्टेंबरात लेरॉयच्या नव्या फेरीत एका हॉस्पिटलचं स्वयंपाकघर आलं. माल उतरवून घ्यायला डोक्याला जाळी बांधून ओफेलिया बाहेर आली. तिने त्याला ओळख दाखवली नाही.

"सगळी उघडा," ती म्हणाली.

"सगळी? बाकीचे नुसतं लेबल बघतात, ओफेलिया."

"मी उघडून बघते. तुमच्या शब्दावर मी माल घेत नाही."

त्याने खिशातून कात्री काढली आणि एकेक खोकं उघडलं. सदतीस होती. तिने प्रत्येकात हात घालून पाहिलं, मग कागदावर सही केली आणि दार लावून घेतलं. आता आठवड्यातून दोनदा असंच चालतं. जानेवारीत वाऱ्याने कान सोलवटून निघतात तेव्हाही ती घाई करत नाही, आणि तोही तिला घाई कर म्हणत नाही.