पुढची रांग झाकणाऱ्या काकू

जुना ग्रुप फोटो हातात आला की काकू आधी एक कोरा कागद घ्यायच्या आणि फोटोतली पुढची रांग झाकून टाकायच्या. खुर्च्यांवर बसलेले प्राध्यापक, त्यांच्या मिशा, मांडीवरच्या हॅट, सगळं कागदाखाली. मग म्हणायच्या, "हं. आता बघ. पुढच्यांना बघायला बरेच जण आहेत."

तुम्हीही असे फोटो पाहिले असतील. नजर मधल्या खुर्चीवर जाते आणि तिथेच बसते. माझीही बसायची.

सिएटलजवळच्या एका विद्यापीठाच्या लायब्ररीत, जुन्या कागदपत्रांच्या विभागात, मी आठवड्यातून दोन दिवस काम करत होते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्या खोलीतल्या शांततेचीसुद्धा मला भीती वाटायची. खुर्ची सरकवतानाही आपण काहीतरी चुकतोय असं वाटे. काकू तिथे व्हॉलंटियर होत्या. सत्तरीच्या, जवळच्याच बॉथेल गावातल्या एका लॅबमध्ये बरीच वर्षं नोकरी करून रिटायर झालेल्या. मुलगा गाडीनं सोडायला तयार असायचा, पण त्या बसनंच यायच्या. "तो ड्राइव्ह करताना पॉडकास्ट लावतो. बसमध्ये निदान माणसं दिसतात."

आमचा सुपरवायझर उंच, लाल दाढीचा आणि फार सभ्य होता. त्याच्या देखत काकू मला मराठीत सांगायच्या, "मुलगा चांगला आहे गं. फक्त खोक्याचं झाकण वाचतो, आतलं वाचत नाही." तो विचारायचा, काय म्हणाल्या? मी सांगायचे, त्या तुमच्या लेबलांचं कौतुक करतायत. काकू गंभीर चेहऱ्यानं मान हलवायच्या.

खोलीत खाण्याची बंदी होती. काकू ती कडक पाळायच्या. बरोबर अकरा वाजता त्या मला बोलावून बाहेर लॉबीत जायच्या, चिवडा खायच्या, हात धुवायच्या आणि परत येऊन ते हात माझ्या नाकासमोर धरायच्या. "साबणाचा वास येतोय ना? मग दे ते खोकं."

माझ्या कामाच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुझी आई काय करते?"

"फूड सर्व्हिसेसमध्ये आहे," मी म्हटलं. आणि मग, कोणी न विचारताच, "मॅनेजमेंट."

आई तिथून दोन इमारती पलीकडे होती. विद्यापीठाच्याच डायनिंग हॉलमध्ये भाज्या चिरायची, मोठाली पातेली घासायची. कॅम्पसवर मी हे कोणालाच सांगितलं नव्हतं. जेवायला गेले आणि ती काउंटरवर दिसली की मी दुसऱ्या रांगेत जायचे. तीही मग दुसरीकडे बघायची.

काकूंनी फक्त "हं" म्हटलं आणि पेन्सिलीला टोक काढत बसल्या.

त्या वर्षी फॉलमध्ये, पानगळीच्या दिवसांत, कॅम्पसवरच्या जुन्या दिवसांचं एक छोटं प्रदर्शन भरवायचं ठरलं आणि फोटोंखालचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. एक फोटो शंभरेक वर्षांपूर्वीचा, वसतिगृहासमोरचा होता. काकूंनी पुढची रांग झाकली. मागे, स्वयंपाकघराच्या दारात, एप्रन बांधलेला एक चिनी माणूस उभा होता.

मी लिहिलं होतं, 'विद्यार्थी, वसतिगृहासमोर.'

"आणि हे कोण?"

"माहीत नाही, काकू."

"मग शोध. इथे दुसरं काय काम आहे आपल्याला?"

शोधलं. वसतिगृहातल्या मुलांनी गंमत म्हणून लिहिलेली एक रोजनिशी सापडली. तिच्यात होतं, की आमचा कुक जिम त्याच्या नव्या वर्षासाठी दोन दिवस गेलाय आणि आम्ही ब्रेड-जॅमवर जगतोय.

"जिम!" काकू म्हणाल्या. "हे नाव काय त्याच्या आईनं ठेवलं असेल?"

पुढच्या एका पानावर होतं, की मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्याचा हंगाम संपला की ठेकेदार त्याला इकडे पाठवतो. त्या कारखान्याचे कागदही आमच्याच गोदामात होते. त्या काळी चिनी माणसं अशी करारावर आणली जायची. करारपत्रात सगळं होतं. किती माणसं, किती तास, कोणी पळून गेला तर काय, आजारी पडला तर काय. सगळ्यांच्या वतीनं सही एकट्या ठेकेदाराची. माणसांची नावं तेवढी नव्हती. ती मागे जोडलेल्या एका पातळ यादीत निघाली, चिनी अक्षरांत. तैवानहून आलेल्या एका पीएचडीच्या मुलीनं ती वाचून दिली. यादीत तीन नावांपुढे कोणीतरी इंग्रजीत 'कुक' लिहिलं होतं.

तीन नावं, आणि दारात माणूस एक.

"यादीतला दुसरा," काकू म्हणाल्या. "लिही."

"कशावरून?"

"चेहरा बघ ना. हाच वाटतो."

मजकूर दुसऱ्या दिवशी छपाईला जाणार होता. शनिवारी काकूंची फ्लाइट होती. ओहायोतल्या डब्लिनला, मुलीकडे, कायमच्या. त्याआधी त्यांना त्या माणसाला नाव द्यायचं होतं. त्यांची घाई मला दिसत होती. मी पेन्सिल टेकवली आणि उचलली.

"नाही, काकू."

मोठ्या माणसाला मी असं आयुष्यात पहिल्यांदाच म्हटलं. "चुकलो तर आपण एकाचा फोटो दुसऱ्याला देऊन टाकू. त्याचा हा एकच फोटो असेल."

त्यांनी फाइल मिटली. अकराला चिवडा खायला गेल्या, मला न बोलावता. परतल्या, पण हात नाकासमोर धरले नाहीत. मला वाटलं, संपलं. मग फाइलमध्ये बघत त्या म्हणाल्या, "तिघांचीही लिही. यातले एक असावेत, असं लिही. बाकीचे दोघे पाहुणे म्हणून येतील."

सुपरवायझर म्हणाला, मजकूर फार लांब होतोय.

"मग प्राध्यापकांचा लहान कर," काकूंनी त्याला इंग्रजीत सांगितलं. त्यानं केला.

ती तीन नावं मी स्वच्छ अक्षरात उतरवली. कोणाचे कोण, हे ठाऊक नसलेल्या त्या माणसांसाठी आपण इतके दिवस धडपडलो, आणि दोन इमारती पलीकडे मी रांग बदलत होते. हे मला त्या दिवशी कोणी सांगितलं नाही, माझं मलाच लागलं.

काकू शनिवारी गेल्या. प्रदर्शन सोमवारी होतं. सकाळी मी आईच्या काउंटरसमोर जाऊन उभी राहिले. आईनं सवयीनं मान वळवली.

"आई, दोन वाजता लायब्ररीत येशील?"

"या कपड्यांत?"

"हो. आहेस तशी."

ती डोक्यावरची जाळीसुद्धा न काढता आली. मी सुपरवायझरला म्हटलं, "ही माझी आई. इथल्याच किचनमध्ये काम करते." त्यानं हात पुढे केला. आईनं स्वतःचा दोनदा पुसला आणि मग दिला.

त्या फोटोसमोर ती बराच वेळ थांबली. "आत चुलीवर काहीतरी ठेवून आलाय," ती म्हणाली. "बघ ना, अर्धं लक्ष आतच आहे त्याचं."

मी तिचा तिथेच फोटो काढला. मग सुपरवायझरनं आमचा दोघींचा काढला. तो मी काकूंना पाठवला आणि खाली आईचं बोलणंही लिहिलं.

संध्याकाळी त्यांचा व्हॉइस मेसेज आला. मागे कुकरची शिट्टी, एका लहान मुलाचं इंग्रजीतलं भांडण. "फोटो छान आलाय. तू डोळे मिटलेस. आई काय म्हणाली ते त्या लाल दाढीला फाइलमध्ये घालायला सांग, आपल्या कोणाला सुचलं नाही ते. आणि हे बघ, मी प्रिंट काढणार आहे. तिचं पूर्ण नाव पाठव. मागे लिहायला हवं, नाहीतर उद्या कोणाला कळणार?"

मी आईला ऐकवलं. ती पाय पसरून सोफ्यावर बसली होती.

"अगं, माझं नाव कशाला?" ती म्हणाली.

मी लिहून पाठवलं.