पाच चाकांची भागीदारी

तारीख १२ मे १९८५, रविवार. रक्कम सोळा हजार पाचशे रुपये. जागा सावली गाव, राइस मिलचा ओटा. हजर चौघे: मिलवाले भाऊ, शाळेतून नुकतेच निवृत्त झालेले गुरुजी, वडशाच्या एका नाटकमंडळीचे मॅनेजर आणि मी. मी त्या वेळी धान खरेदी करणाऱ्या एका संस्थेत हिशेबनीस होतो, त्यामुळे कराराचा कागद लिहायचे काम कोणी न सांगता माझ्याकडे आले.

सरकारी लिलावात सुटलेली एक जुनी जीप चंद्रपूरच्या एका व्यापाऱ्याकडे उभी होती. ती विकत घ्यायची, एरवी सावली ते गडचिरोली सवाऱ्या न्यायच्या आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागला की वडशाकडे पळवायची, असा बेत होता. जीपबद्दल वाद नव्हता. वाद हिश्श्यांचा होता. माणसे चार, पण मिलवाल्या भाऊंना आपला हिस्सा इतरांपेक्षा मोठा हवा होता आणि तो मोठा आहे हे लोकांना दिसायलाही हवे होते.

भाऊंची नुकतीच धाकट्या भावाशी वाटणी झाली होती. धानाच्या शेताची बांधीगणिक वाटणी, विहिरीचे पाणी एक दिवसाआड, आंब्याचे झाड फांदीवार. त्या वाटणीचा त्यांना फार अभिमान होता.

"वाटणी डोळ्याले दिसली पायजे," ते म्हणाले. "कागदावरचा रुपयात चार आणे हिस्सा कोणाले दिसते? जीपले चाकं किती?"

"चार," गुरुजी म्हणाले.

"स्टेपनी धरून पाच. पाच हिस्से करा. एका चाकाचे तीन हजार तीनशे. उजव्या अंगाचे दोन्ही चाकं माझे."

हिशेब तंतोतंत बसत होता. सोळा हजार पाचशेला पाचाने भागले तर बाकी उरत नाही, आणि ज्या भागाकारात बाकी उरत नाही त्याबद्दल माझ्या मनात कधी शंका येत नाही. डावे पुढचे चाक गुरुजींनी घेतले, डावे मागचे माझ्या वाट्याला आले. मॅनेजरांनी मोठ्या मनाने स्टेपनी पत्करली. तिचा हिस्सा बाकीच्या चाकांएवढाच होता आणि ती कधी झिजणार नव्हती, हे आमच्या लक्षात यायला पावसाळा उजाडला.

कलमे चार ठरली. पहिले या हिश्श्यांचे. ज्याचे चाक त्याने त्याचा टायर, ट्यूब, ब्रेकचे लायनर आणि आतले वॉशर सांभाळायचे. पेट्रोल, इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल आणि ड्रायव्हरचा पगार सामाईक. ज्याच्या चाकामुळे नुकसान होईल त्याने ते भरून द्यायचे. चौघांनी सह्या केल्या. जीप आली त्या दिवशी चार चाकांखाली चार लिंबे ठेवली. मॅनेजर म्हणाले, माझ्या चाकाचे काय? मग पाचवे लिंबू स्टेपनीला दोऱ्याने बांधले.

भाऊंनी पहिल्याच आठवड्यात उजव्या दोन्ही चाकांना सातशे साठ रुपयांना एक असे नवे कोरे टायर घातले, ब्रेकचे लायनर बदलले आणि ते गावभर सांगितले. गुरुजींनी दोनशे चाळीस रुपयांत जुन्याच टायरवर रबर चढवून आणले. त्या टायरला पाहून ते म्हणत, "बाहेरून नवाच वाटते ना?" आतल्या लायनरला त्यांनी हात लावला नाही, कारण तो बाहेरून दिसत नव्हता. मी माझ्या टायरसाठी हवा मोजायचे एक मीटर विकत आणले. सकाळी गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना मी हवा मोजायचो. तापलेल्या टायरची हवा जास्त भरते आणि माणूस फसतो, म्हणून थंड असतानाच मोजायची. ड्रायव्हर बाकीच्या तीन चाकांची हवा लाथ मारून मोजायचा.

"तुमच्या मीटरनं किती दाखवली जी?" तो मला विचारायचा.

मी आकडा सांगितला की तो माझ्याही चाकाला एक लाथ मारायचा आणि म्हणायचा, "बरोबर हाये."

एका ड्रायव्हरच्या गाडीच्या चार चाकांचे चार ब्रेक सारखे धरले पाहिजेत, निदान समोरचे दोन तरी, ही गोष्ट कोणालाही पटावी इतकी साधी आहे. आमच्या जीपचा उजवा पुढचा ब्रेक चावल्यासारखा धरायचा आणि डावा पुढचा नुसता ऐकून घ्यायचा. ब्रेक दाबला की जीप उजवीकडे ओढायची. ड्रायव्हरने त्यावर आपला तोडगा काढला होता. ब्रेक मारण्याआधीच तो स्टिअरिंग थोडे डावीकडे वळवून ठेवायचा. नवीन सवारी घाबरून ओरडली तर म्हणायचा, "बसा निवांत. गाडी आता आपोआप सरळ होते."

त्यात जुलैपासून ब्रेक ऑइल कमी होऊ लागले. गळती गुरुजींच्या चाकात होती. चाकाच्या आतल्या बाजूने ऑइल ओघळून टायरवर काळी रेघ उमटायची, ती आंधळ्यालाही दिसली असती. वॉशरचा संच बारा रुपयांचा आणि मिस्त्रीची मजुरी दहा. मी गुरुजींना सांगितले.

"वॉशर कोणाच्या खर्चात?" गुरुजींनी विचारले.

"तुमच्या. कलम दोन."

"आन् ब्रेक ऑइल?"

"सामाईक. कलम तीन."

"मंग ऑइल टाका," गुरुजी म्हणाले.

त्यांनी आयुष्यभर मुलांना गणित शिकवले होते. ते चुकले असे म्हणता येईना. जुलै ते नोव्हेंबर आम्ही अठरा रुपयांचा एक असे नऊ डबे ओतले. एकशे बासष्ट रुपये. बावीस रुपये वाचवायला त्यांनी एकशे बासष्ट घालवले, असे मी म्हणालो. त्यांनी लगेच दुरुस्ती केली, "माझे फक्त बत्तीस रुपये चाळीस पैसे गेले. बाकीचे तुमचे." खर्च हिश्श्यावारी होता, त्यामुळे त्यांचा आकडा बरोबर होता. पण मग वॉशरचे बावीसच कमी होते, असे मी दाखवल्यावर ते म्हणाले, "थे एकदम द्या लागले असते."

टायर मधूनमधून पुढचे मागे, मागचे पुढे असे फिरवले तर सारखे झिजतात. मी ते सुचवले. भाऊ भडकले. "माझा सातशे साठचा टायर मास्तरच्या जागेवर लावू? उद्या म्हणाल, माझ्या बांधीत त्याचे बैल चारा." विषय तिथेच संपला.

स्टेपनी मात्र सुखात होती. मॅनेजर तिला खोबरेल तेलाच्या फडक्याने पुसायचे. एकदा चामोर्शीच्या पुढे, भर जंगलात माझे चाक पंक्चर झाले. मॅनेजर गाडीतच होते. ड्रायव्हर स्टेपनी काढायला गेला तर हे तिच्यापुढे हात पसरून उभे.

"आधी भाडं ठरवा. माझं चाक हाये, फुकटात काऊन फिरन?"

गाडीतल्या सवाऱ्यांनी खाली उतरून त्यांना घेरले तेव्हा कुठे स्टेपनी सुटली. भाडे पाच रुपये ठरले आणि ते मी दिले. त्या चाकाचे लायनर मी नवे टाकले होते, हवा सकाळी मोजली होती, तरी रस्त्यावरच्या खिळ्याने माझे मीटर विचारात घेतले नव्हते.

आता मुख्य गोष्ट. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक, आणि पंचक्रोशीतले पाहुणे घरोघरी. वडशाच्या वाटेवरच्या एका गावात रस्त्याच्या उजव्या कडेला एका बाईंची चहा-भज्याची टपरी होती. बल्ल्यांचे खांब, बांबूचे तट्टे, मातीची चूल. नवरा वारलेला. मुलगी चंद्रपूरला नर्सिंग शिकत होती. तिच्या वर्षभराच्या फीचा मोठा भाग त्या दोन दिवसांच्या मंडईतून निघायचा, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते, कारण आम्ही तिथेच चहा प्यायचो आणि त्या दर खेपेला सांगायच्या.

मंडईला दोन दिवस राहिले असताना भर दुपारी आम्ही चौघे वडशाला निघालो होतो. समोरून धानाचे भारे लादलेली बैलबंडी एकदम रस्त्यावर आली. रस्त्यावर तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, सांडलेली. ड्रायव्हरने सवयीने स्टिअरिंग डावीकडे वळवायला घेतले, पण डावीकडेच बंडी होती. त्याने ब्रेक दाबला. उजव्या चाकांनी करारातले आपले कर्तव्य पार पाडले, गुरुजींच्या चाकाने पाडले नाही, आणि जीप उजवीकडे वळून थेट टपरीत शिरली.

बाई मागच्या हातपंपावर पाणी भरायला गेल्या होत्या, म्हणून जीव वाचला. चूल फुटली, पातेली चेपली, तेलाचा डबा उपडा झाला. जीप अशी नेमकी आत गेली होती की तुटलेले छप्पर तिच्या टपावर टेकून राहिले.

बाई कळशी घेऊन आल्या, उभ्या राहिल्या, आणि आम्हा चौघांकडे पाहून म्हणाल्या, "चहा पाह्यजे होता तं बाहेरूनच हाक मारा लागत होती न बाप्पा."

मग त्यांनी कळशी खाली ठेवली. "परवा मंडई हाये. मी चूल कुठी मांडू?"

गावचे सरपंच आले. मी नुकसानीची यादी केली, ती चारशे ऐंशी रुपयांची झाली. आणि मग आम्ही कराराचे चौथे कलम काढून बसलो.

"आत शिरलं थे चाक भाऊचं हाये," गुरुजी म्हणाले.

"शिरलं काऊन? ब्रेक लागला म्हणून!" भाऊ ओरडले. "माझ्या चाकानं काम केलं. तुमच्यानं काय केलं?"

"माझ्या चाकानं काहीच केलं नाई. म्हणूनच त्याचा दोष नाई."

"माझं तं मागं टांगलेलं होतं," मॅनेजर म्हणाले. "थे साक्षीदार हाये."

मी म्हणालो की समोरच्या दोन चाकांचे ब्रेक जोडीनेच बदलायला हवे होते, एक धरला आणि एक नाही तर चांगला ब्रेकही वाईटाइतकाच घात करतो. ते ऐकून भाऊ आणि गुरुजी पहिल्यांदाच एक झाले आणि माझ्या अंगावर आले.

बाईंनी हे अर्धा तास ऐकले. मग उठल्या, जीपच्या मागच्या दोन बाकांवरची धूळ पदराने झाडली आणि सरपंचांना म्हणाल्या, "याहीचा निकाल लागेपावतर हे जीप इथीच राहीन. छप्पर तिच्यावरच टेकलं हाये. काढली तं पडते. मी इथीच दुकान लावतो."

सरपंच म्हणाले, "लावा."

"जीप आमची हाये!" मॅनेजर म्हणाले.

"घेऊन जा ना मंग. ब्रेक हाये का?"

ड्रायव्हर हसायला तोंड फिरवून उभा राहिला.

मंडईच्या दोन्ही दिवशी ती टपरी गावात सर्वांत जास्त चालली. बॉनेटवर भज्यांची परात, मागच्या बाकांवर गिऱ्हाईक, नवी चूल गुरुजींच्या चाकाशेजारी. लोक लांबून जीप पाहायला यायचे आणि भजी खाऊन जायचे. मॅनेजरांच्या नाटकातले विनोदी नट रंगमंचावरून सांगत होते की नाटक संपल्यावर पुढची गाडी भज्यांच्या जीपने सुटेल. मॅनेजर पडद्यामागे दातओठ खात होते, पण टाळी पडत होती म्हणून वाक्य काढवेना. जीप रस्त्यावर आल्यापासून इतकी सुरक्षित कधीच उभी नव्हती.

तिसऱ्या दिवशी आम्ही चौघे गेलो. वडशाहून मिस्त्री नेला होता. छप्पर बल्ल्यांवर उचलून घेतल्यावर त्याने चारही चाके उघडली, चारही लायनर आणि सगळे वॉशर एकाच वेळी बदलले. तो खर्च मी कोणाला न विचारता सामाईक खात्यात टाकला.

मॅनेजरांनी मात्र बाईंकडे दोन दिवसांचे जीपभाडे मागितले.

"देतो ना," बाई म्हणाल्या. "कोणत्या चाकाचं देऊ, थे सांगा. फिरलं तं एकही नाई."

मग नुकसानभरपाईची वेळ आली. भाऊ म्हणाले, माणशी भरू. चाकावारी त्यांच्यावर एकशे ब्याण्णव येत होते आणि माणशी एकशे वीस, त्यामुळे त्यांना समता एकदम पटली. गुरुजींना चाकावारी शहाण्णव पडत होते, ते कराराला चिकटून बसले. प्रत्येकाने आपापली नोट आपापल्या मुठीत धरली होती.

"चार हातानं चार तुकडे मी घेत नाई," बाई म्हणाल्या. "पोरीची फी मी तुकड्यानं भरत नाई. एका हातानं द्या."

मी माझा रुमाल पसरला. माणशी एकशे वीस त्यात पडले. गुरुजींचे सर्वांत शेवटी, सुटे.

एकूण चारशे ऐंशी रुपये, रोख, टपरीवाल्या बाईंना दिले. त्यांनी मोजून घेतले. त्यावर चार चहांचे दोन रुपये त्यांनी वेगळे मागितले. तेही त्यांनाच दिले.