भिंतीवर टांगलेला एल्बो

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराच्या दक्षिणेकडे पत्र्याचं काम करणारं एक वर्कशॉप आहे, आणि त्यात एक भिंत आहे. ज्याच्या हातून माल बिघडला, त्याने तो तुकडा आपल्या हाताने तिथे टांगायचा, खाली खडूने आपलं नाव लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी डोनट आणायचे. दुसऱ्याचं नाव कुणी लिहायचं नाही. हा नियम कुठे छापलेला नाही, पण क्लेटन कुबियाकने एकतीस वर्षं तो पाळला आणि नव्या माणसांना दरडावून पाळायला लावला.

मार्चमध्ये त्या भिंतीवर एक एल्बो लटकला. एल्बो म्हणजे हवेच्या डक्टचं काटकोनी वळण. खाली नाव होतं ओरीथा गेन्सचं. ते तिने लिहिलेलं नव्हतं आणि चूकही तिची नव्हती. चूक कुबियाकची होती. हे आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, असं तो धरून चालला होता.

आदल्या वर्षी त्याचा उजवा खांदा गेला. शिडीवर उभं राहून डक्ट उचलणं संपलं. मालकाने सांगितलं, वरच्या मजल्यावर बसून संगणक शीक, तीन महिने बघू, नाही जमलं तर घरी जा. वरच्या मजल्यावरच्यांना हा माणूस आयुष्यभर ‘मऊ हातांची मंडळी’ म्हणत आला होता. आता त्यांच्यातच बसायचं, आणि शिकवणारी नोएमी त्याच्या मुलीच्या वयाची. ती ओरडत नसे. ओरडली असती तर बरं झालं असतं. एकच गोष्ट चार वेळा तितक्याच शांतपणे सांगायची, आणि कुबियाकचे कान तापायचे.

काम असं, की डक्टचा प्रत्येक भाग संगणकात एकदा पक्का बनवायचा. पत्रा किती जाड, शिवण कुठली, कड किती वळवायची, आत अस्तर आहे का. मग वरची मंडळी तो भाग उचलून इमारतीच्या नकाशात ठेवणार आणि खाली यंत्र तसाच पत्रा कापणार. बनवताना चूक झाली तर ती एका तुकड्यात राहत नाही. जितके तुकडे, तितक्या वेळा ती चूक.

अस्तराच्या एल्बोमध्ये तो फसला. नकाशातलं माप आतल्या मोकळ्या जागेचं असतं. अस्तर एक इंचाचं, म्हणून पत्रा दोन्ही अंगांनी मिळून दोन इंच मोठा कापायचा. हे दोन इंच कुबियाकच्या बोटांत होते. विचार न करता त्याने ते सूत्रात मिळवले. पण अस्तराची खूण केली की संगणक स्वतःच दोन इंच मिळवतो. नोएमीने हे सांगितलं होतं. तेव्हा याने मान हलवली होती, कारण पाचव्यांदा विचारायची लाज वाटली.

एक्केचाळीस एल्बो एका शाळेच्या इमारतीत पोचले. तुळईखाली जागा पंधरा इंच, आणि एल्बो चौदाऐवजी सोळा.

सोमवारच्या बैठकीत फोरमन टेशने थेट ओरीथावर ठपका ठेवला. कापायचं यंत्र ती चालवायची, आणि पूर्वी अस्तराचे दोन इंच तीच हाताने भरायची. सवयीने भरले असणार. ती एकदाच म्हणाली, “मी भरले नाहीत.” टेश म्हणाला, मग काय पत्रा रात्रीतून वाढला? लोक हसले. कुबियाकच्या तीन महिन्यांतले अकरा दिवस उरले होते. सोळा इंच ऐकताच त्याने आपले दोन इंच ओळखले होते, पण तो कॉफीच्या कपात बघत बसला. त्या बाईला पत्र्यावर पहिली रेघ मारायला त्यानेच शिकवलं होतं, वर्कशॉपमध्ये तिला कुणी उभं करत नव्हतं तेव्हा.

टेशने एल्बो टांगला आणि तिचं नाव खरडलं. नियम मोडला. बोलायचा हक्क ज्याचा सगळ्यात मोठा, तोच जिना चढून वर गेला.

तीन दिवस तो मागच्या दाराने आत येत राहिला. चौथ्या दिवशी ते दार बंद होतं. त्या भिंतीजवळून जाताना ओरीथा समोर आली. तिने खिशातून एक घडी पडलेलं स्टिकर काढून त्याच्या हातावर ठेवलं. प्रत्येक तुकड्यावर यंत्र चिकटवतं, तसलं. त्यावर माप होतं, आणि कोपऱ्यात भाग बनवणाऱ्याची सही: सी. के. ही सही छापून यावी म्हणून त्यानेच नोएमीकडे हट्ट धरला होता. आपलं काम लोकांना कळलं पाहिजे, म्हणाला होता.

“माप माझ्याकडे येण्याआधीच चुकलेलं होतं,” ती म्हणाली. “सोमवारीच बघितलं मी.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू बोलशील म्हणून थांबले, उस्ताद.”

दहाच्या सुट्टीत सगळे जमले तेव्हा त्याने बाहीने तिचं नाव पुसलं आणि आपलं लिहिलं. डावा हात, अक्षर वेडंवाकडं आलं. दोन इंच दोनदा मिळवले, मी मिळवले, सोमवारपासून मला माहीत होतं, एवढं त्याने सांगितलं. शेवटचं वाक्य सांगितलंच पाहिजे असं नव्हतं. टेशला पुसलेलं नाव दिसत होतं आणि ते कुणी लिहिलं होतं तेही आठवत होतं.

खुर्ची वाचली. नोएमी अडून बसली, की स्वतःच्या हाताने पत्रा कापलेला माणूस वर हवाच. पण एक अट पडली: त्याचा कुठलाही नवा भाग आधी ओरीथा एकदा कापून, मोजून बघणार, मगच तो सगळ्यांना मिळणार.

दुसऱ्या दिवशी त्याने डोनट आणले. ओरीथाने खोका न उघडता पुढच्याकडे सरकवला.

आता दर मंगळवारी तो नवा भाग घेऊन जिना उतरतो आणि यंत्रापाशी उभा राहतो. ती पट्टी लावते, चारही कडा मोजते, कागदावर सही करते.

“बरोबर आहे, कुबियाक,” म्हणते.

उस्ताद म्हणत नाही. तो शब्द येईल म्हणून आता तो थांबतो, मग कागद घेऊन वर जातो.